बँकेत पैसा पडून, बैठकीला कोणी नाही: बचत गट पुन्हा कसा बसवायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर गटांच्या बायांनाही संदर्भ लागेल. धारूर तालुक्यातल्या तुमच्या गावात बारा जणींचा गट आहे. तीन वर्षं झाली, दर महिन्याला १०० रुपयांची बचत चालू आहे. पहिल्याच वर्षी एका सदस्येला ५,००० रुपये कर्ज दिलं. तिने ५०० चे दोन हप्ते भरले आणि थांबली. तेव्हापासून तुम्ही कोणालाच कर्ज दिलेलं नाही. पैसे बँकेत सुरक्षित आहेत, पण बैठक बसत नाही. बाया शंभर रुपये फोनवरून टाकतात नाहीतर लेकराच्या हाती पाठवतात. चौघी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, त्या थेट उन्हाळ्यात परत येतात. याच बाया फायनान्सवाल्याच्या मंगळवारच्या वसुलीला मात्र वेळेआधी हजर असतात, याचं तुम्हाला वाईट वाटतं. बायांना एकत्र कसं आणायचं, असं तुम्ही विचारता.

बचत गटांची बांधणी, लिखापढीचं प्रशिक्षण आणि मोडलेले गट पुन्हा उभे करणं यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्या भरवशावर सांगते: हळदीकुंकू, सहल, मार्गदर्शन शिबिर यातलं काहीही आत्ता करू नका. आधी अंतर्गत कर्जवाटप, म्हणजे गटाच्याच बचतीतून सदस्यांना कर्ज देणं, सुरू करा. बाया आपोआप येतील.

बाई बैठकीला का येईल, याचा तिच्या बाजूने विचार करा. दिवसभर कापूस वेचून किंवा खुरपून ती घरी येते, चूल पेटवते, लेकरांचं बघते. त्यातून अर्धा तास काढून ती समाजमंदिरात येते आणि तिथे काय होतं? शंभर रुपये द्यायचे, सही करायची, घरी जायचं. एवढ्यासाठी लेकराला पाठवलं तरी चालतं. त्यात तिची काही चूक नाही. फायनान्सच्या वसुलीला ती वेळेत जाते, त्यामागे धाक आहेच, पण आणखी एक कारण आहे. हप्ता नीट भरला तर पुढचं कर्ज मिळणार, हे तिला पक्कं माहीत असतं. तुमच्या गटात बारा जणींची तीन वर्षांची बचत ४३,२०० रुपये होते. तो पैसा अडल्यावेळी आपल्याला मिळेल, असं तिला एकदाही दिसलेलं नाही.

आता हिशोब बघा. बँकेत पडलेल्या त्या पैशावर बचत खात्याचं व्याज वर्षाला हजार-बाराशे रुपयांच्या पुढे जात नाही. त्याच काळात तुमच्याच सदस्यांनी गावातल्या सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे उचलले असतील. १०,००० रुपयांवर महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला ६,००० रुपये व्याज गेलं आणि मुद्दल तसंच उभं. हेच १०,००० गटातून शेकडा दोनने घेतले, महिन्याला १,००० मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत सगळं मिळून १,१०० रुपये व्याज होतं. पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६० असं ते उतरत जातं. शिवाय हे १,१०० कुठे जातात? गटाच्याच तिजोरीत, म्हणजे फेडणारीचाही त्यात बारावा वाटा. हे गणित पहिल्या बैठकीत फळ्यावर नाहीतर जमिनीवर खडूने मांडा. भाषणाची गरज पडणार नाही.

काही गट मला विचारतात की शेकडा दोनही जास्त नाही का, एकावर आणू का? आणा, पण सगळ्यांनी ठरवून आणा आणि सुरुवातीला नको. तुमच्यासारख्या लहान भांडवलाच्या गटाला पहिली दोन वर्षं व्याजातूनच बळ येतं. पुढे बँकेचं स्वस्त कर्ज मिळायला लागलं की दर कमी करता येतो.

आता थकलेल्या बाईबद्दल. तुमच्या पत्रात ती का थांबली, हे कुठेच नाही. ‘ती फेडत नाही’ एवढंच आहे. माझा पहिला प्रश्न हाच: तिच्या घरी कोणी गेलं होतं का? वसुलीला नव्हे, विचारपूस करायला. थकबाकीदार दोन तऱ्हेच्या असतात, एक अडलेली आणि एक बुडवणारी. दोघींना एकच वागणूक दिली की गट मोडतो. अडलेलीला झिडकारलं तर बाकीच्या अकरा जणी मनात म्हणतात, उद्या माझ्यावर वेळ आली तर माझंही असंच होईल. आणि बुडवणारीला सोडून दिलं तर त्या म्हणतात, मग मीच कशाला भरू?

दोघी जणींना तिच्याकडे पाठवा. तुम्ही सचिव आहात म्हणून तुम्ही पहिल्या खेपेला जाऊ नका. तिच्या गल्लीतली एक आणि वयाने मोठी एक, अशा जाऊ द्या. वही नेऊ नका. घरात दुखणं आहे का, नवऱ्याचं काम सुटलंय का, की पैसे नवऱ्याने घेतले आणि आता तो देत नाही, हे कळेल. बऱ्याचदा यातलं तिसरं कारणच निघतं. मग बैठकीत तिच्यासमोर ठराव करा: राहिलेल्या ४,००० रुपयांचे महिना २०० चे वीस हप्ते, आजवरचं थकलेलं व्याज माफ, आणि बचतीचे शंभर रुपये चालू. व्याज ही गटाची कमाई आहे, ती सगळ्यांच्या संमतीने सोडता येते. मुद्दल ही प्रत्येकीच्या पोटाला चिमटा काढून टाकलेली बचत आहे, ती सोडायचा हक्क अध्यक्षालाही नाही आणि सचिवालाही नाही. हा फरक ठरावात स्पष्ट लिहा. ठराव झाल्यावर तिने दोनशे रुपये भरले की त्याच बैठकीत दुसऱ्या कोणाला तरी कर्ज द्या. थकबाकी पूर्ण वसूल झाल्यावरच वाटप सुरू करू, असं ठरवलंत तर अजून दोन वर्षं जातील.

कर्ज द्यायचं कसं, ते सांगण्यापेक्षा एक बैठकच दाखवते. माजलगावकडच्या एका गटात मी बसले होते. वाटपाला ९,००० रुपये होते आणि मागणी तिघींची. एकीला विहिरीवरची जळालेली मोटार भरून आणायला ५,००० हवे होते. एकीला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ६,०००. तिसरीला शेळी घ्यायची होती, तिचेही ५,०००. अध्यक्षीणबाईंनी चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक मावशी, निरक्षर, आजवर अंगठाच देत आलेल्या, शेळीवालीला म्हणाल्या, ‘आत्ता कशाला घेतीस? बकरी ईद तोंडावर आली, बाजार चढलाय. ईद झाल्यावर घे, स्वस्तात मिळंल.’ ती बाई जरा थांबली आणि म्हणाली, ‘बरं, मग माझं पुढल्या महिन्याला धरा.’ मोटारवालीला दुसरीने विचारलं, ‘मोटार वाइंडिंगवाला नेहमीचाच ना? त्याला निम्मे दे, निम्मे कापूस विकल्यावर.’ शेवटी मुलीला ६,००० आणि मोटारीला ३,००० असं ठरलं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागली.

त्या वेळात पैशाच्या वाटणीखेरीज काय काय झालं ते बघा. कोणाची मुलगी शिकायला चाललीय हे सगळ्यांना कळलं. मावशींचं बाजाराचं ज्ञान वहीत न मावणारं होतं, ते कामी आलं. शेळीवालीने आपणहून माघार घेतली, त्यामुळे पुढच्या महिन्यात तिला नाही म्हणायची कोणाची हिंमत होणार नव्हती. चिठ्ठी टाकली असती तर यातलं काहीच झालं नसतं. म्हणून मी चिठ्ठ्यांच्या विरोधात आहे, आणि ‘प्रत्येकीला पाळीपाळीने’ याच्याही. भिशीला ते ठीक आहे. गटात गरज बोलून दाखवायची असते आणि दुसरीची गरज ऐकून घ्यायची असते. एकमेकींना ओळखण्याची ती एवढीच जागा गावातल्या कितीतरी बायांना मिळते.

याच कारणासाठी फोनवरून बचत पाठवायची सोय बंद करा. बाळंतीण, आजारी आणि ऊसतोडीला गेलेली सोडून. दंड लावायचा तर पाच-दहा रुपयांचाच लावा. दंडाने कमाई करायची नसते. आणि बैठकीची वेळ तुमच्या सोयीची आहे की त्यांच्या, तेही तपासा. दुपारी तीनची वेळ अंगणवाडीच्या ताईंना आणि गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी ताईंना सोयीची असते, मजुरीला जाणारीला नाही. रात्री जेवणं उरकल्यावर बसा.

जागेचं तर फार महत्त्व आहे. अध्यक्षांच्या ओसरीवर बैठक भरत असेल तर ती आधी तिथून हलवा. त्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्या सासूसमोर, दिरासमोर बाया घरची अडचण सांगणार नाहीत. आणि आपल्याकडे कोण कोणाच्या ओसरीवर मोकळेपणाने बसू शकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळेचा ओटा, ग्रामपंचायतीची खोली, जिथे गावातल्या सगळ्या समाजाच्या बाया सारख्याच हक्काने टेकतील अशी जागा धरा. गट एकाच भावकीचा असला की भांडण घरातलं आणि बंद पडतो गट, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुमच्यात तीन गल्ल्यांतल्या बाया आहेत, हे तुमचं भाग्य समजा.

लिखापढीकडे येते, कारण विश्वास इथेच मुरतो किंवा नासतो. इतिवृत्त वही (बैठकीत काय ठरलं ते), रोखकीर्द (रोख जमा-खर्च), खतावणी (खात्यांप्रमाणे हिशोब) आणि प्रत्येकीचं वैयक्तिक पासबुक, एवढं नीट असलं तरी पुष्कळ झालं. वह्या सचिवाच्या घरी कपाटात आणि पासबुकंही तिच्याकडेच, हे मात्र चालवून घेऊ नका. पासबुक ज्याच्या त्याच्या घरी. बैठक संपताना आजची जमा, आजचं वाटप, हातातली शिल्लक, बँकेतली शिल्लक असे चार आकडे मोठ्याने वाचा, आणि न शिकलेल्या बाईकडून ते परत म्हणवून घ्या. दोन-तीन बैठकींत तिचे पाठ होतात. ज्या गटात निरक्षर मावशींना शिल्लक तोंडपाठ असते, तिथे पैशाची अफरातफर करणं फार अवघड जातं. आणि तुमच्याखेरीज आणखी एकीला लिहायला शिकवा. एखादी बारावी झालेली सून असेलच.

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही पंचसूत्री तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर छापलेली असेल. त्यातलं मधलं सूत्र तुमच्याकडे तुटलं आणि त्याच्यासोबत बैठक आणि परतफेडही गळून पडली. बँकही कर्ज देताना हेच बघते. गट किमान सहा महिने चालू असावा, ही अट वह्यांवरून मोजायची असते, खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही. १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागता येत नाही, आणि तुमचं बचत खातंही त्यासाठी अडवून ठेवता येत नाही. हे रिझर्व्ह बँकेचेच नियम आहेत. शाखेत कोणी वेगळं सांगितलं तर नम्रपणे लेखी मागा. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या महिला गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळतं. सावकाराच्या साठ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा. पण माझं ऐका, स्वतःचे ४३ हजार फिरवायला शिकल्याशिवाय बँकेचे दीड लाख आणू नका. फुकटात आल्यासारखा वाटणारा मोठा पैसा बारा भागांत वाटला जातो आणि मग हप्त्याच्या दिवशी भांडणं होतात.

फायनान्सच्या कर्जांबद्दल तुम्ही बायांना बोल लावू नका. गटाने दिले नाहीत म्हणून त्या तिकडे गेल्या. आता कोणाची किती कर्जं आहेत, हे बैठकीत विश्वासाने बोलू द्या. एकीची तीन-तीन कंपन्यांची निघतील आणि तिला वाटत असेल की आपणच एकट्या बुडालोय. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे अशा कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि वसुलीला येणाऱ्याने धमकावणं, अपमान करणं, अवेळी घरी येणं मना आहे. हे एका बाईला माहीत असून भागत नाही. वसुलीवाला आवाज चढवायला लागला आणि शेजारच्या चौघी दारात येऊन उभ्या राहिल्या की तो आवाज खाली येतो. असं होताना मी पाहिलंय. गटाच्या कर्जातून सगळ्यात महागडं एक कर्ज आधी फेडून टाकायचं, मग दुसरं, या क्रमाने जा. नवीन काढून जुनं फेडणं मात्र थांबलं पाहिजे.

एक सूचना काही अधिकाऱ्यांना पटत नाही, तरी देते. दोन-तीन हजार रुपये हातात ठेवा, बँकेत नको. ठराव करून, दर तीन महिन्यांनी वेगळ्या बाईच्या घरी, छोट्या पेटीत, किल्ली दुसरीकडे. रात्री दोनला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, साप चावला, तर बँक उघडी नसते. अध्यक्ष, सचिव आणि आणखी एक अशा तिघींनी होकार दिला की पैसे द्यायचे आणि पुढच्या बैठकीत मंजुरी घ्यायची. या पेटीतून एकदा जरी कोणाच्या लेकराला अंबाजोगाईच्या दवाखान्यात वेळेत नेलं गेलं, तर तुमच्या बैठकीला कोणाला बोलवावं लागणार नाही.

एकत्र बसायची सवय लागली की गट पैशापुरता राहत नाही, आणि आपल्या मराठवाड्याने तर हे फार मोठ्या संकटात पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरांच्या दुरुस्तीचं आणि पुनर्वसनाचं काम निघालं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. ज्या बाया कधी चावडीसमोरून डोक्यावरचा पदर न सावरता गेल्या नसतील, त्या सरकारची योजना घरोघरी समजावून सांगत होत्या, भूकंपात टिकेल असं बांधकाम कसं करायचं ते गवंड्याशी बोलत होत्या. पुढे त्यातूनच बचतीची आणि रोजगाराची कामं वाढली. तिथे आधी संकट आलं आणि मग बचत. तुम्ही उलट बाजूने आलात, म्हणून तुमच्या हातात वेळ आहे.

तो वेळ कशाला वापरायचा, ते गावच सांगेल. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती वहीवर उरकली जाते. तुम्ही बारा जणी खरोखर जाऊन बसलात, तर पाण्याच्या टाकीचा विषय कागदावर येईल. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर आधी एक चतुर्थांश महिला मतदारांचा अर्ज लागतो आणि नंतरच्या मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं ‘आडव्या बाटली’ला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त. ऊसतोडीच्या गावात हे मतदान हंगामात लागलं की बाटली उभीच राहते, हे लक्षात ठेवा. अशा वेळी गट असलेल्या गल्ल्याच बायांना घराबाहेर काढू शकतात. पण हे पुढचं. पहिल्या सहा महिन्यांत दारूबंदीला हात घालू नका, गट अजून तेवढा घट्ट नाही.

राहिल्या ऊसतोडीच्या चौघी. त्यांना दर महिन्याचा नियम लावून तुम्ही त्यांना गुन्हेगार करून ठेवलंय. त्यांचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हातात येते तेव्हा आणि हंगाम संपवून परततात तेव्हा, अशा दोनच वेळी त्यांच्याकडे पैसा असतो. त्यांची पाच-सहा महिन्यांची बचत परत आल्यावर एकरकमी घ्या, दंड न लावता. कर्ज मात्र पावसाळ्यात द्या, कारण तेव्हाच त्या अडतात आणि तेव्हाच पुढच्या वर्षीची उचल मुकादमाकडून आगाऊ मागतात. जून ते सप्टेंबर गटाने तीन-चार हजारांनी हात दिला, तर कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल तेवढ्याने कमी होते आणि ती फेडायला उसाच्या फडात राबायचे तेवढे दिवस वाचतात. गेल्यावर त्यांची लेकरं आजीजवळ मागे राहतात, हंगामी वसतिगृहाची सोय प्रत्येक गावात सुरू होतेच असं नाही. गावात राहिलेल्या आठ जणींनी दोघी-दोघींमध्ये एकेक घर वाटून घ्यावं: लेकरू शाळेत गेलं का, आजीच्या गोळ्या संपल्या का, रेशन आणलं का. आठवड्यातून एकदा त्या आईला फोन लावून लेकराशी बोलायला द्यावं. हे ठरावात लिहा, जिच्याकडे जे घर तिचं नाव घालून. तोंडी ठरलेलं पौषापर्यंत टिकत नाही.

म्हणून पहिली बैठक त्या चौघी गावात असतानाच घ्या, दसऱ्याच्या आत. अजेंडा दोनच विषयांचा: थकलेल्या कर्जाचा ठराव, आणि त्याच रात्री निदान दोघींना कर्ज. बँकेतून आधी १०,००० काढून ठेवा, म्हणजे पैसे सगळ्यांसमोर मोजून हातात देता येतील.